वहिनींच्या खोलीतला सर्व्हर

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर वहिनींच्या आठवणी सांगता सांगता मी ते टाळेन.

माझ्या थोरल्या भावाची बायको, शैलावहिनी, दीड महिन्यापूर्वी दम्याने गेल्या. मीरा रोडला दादाच्या घरातून आम्ही दोघे भाऊ आसपासच्या इमारतींना केबलने इंटरनेट पुरवतो. सगळ्यांच्या लाईन ज्या सर्व्हरमधून जातात, तो वहिनींच्या झोपायच्या खोलीत, कपाटाशेजारी. गिऱ्हाइकांचे फोनही त्याच घ्यायच्या. ‘भैया, नेट स्लो नहीं है, आपका बेटा सुबह से पिक्चर उतार रहा है,’ असं त्या इतक्या शांतपणे सांगायच्या, की तक्रार करणाराच ओशाळायचा.

काही वर्षांपूर्वी सर्व्हर घ्यायला गेलो, तेव्हा दुकानदाराने दोन प्रोसेसर दाखवले होते. एक छोट्या बोर्डावरचा, मंद, पण वीज अगदी थोडी खाणारा. त्याला पंखासुद्धा लागत नव्हता. दुसरा वेगवान आणि शेगडीसारखा तापणारा. दादा म्हणाला, ‘लोडशेडिंग आहे रे. इन्व्हर्टरवर हिचं वाफेचं मशीनही चालायला हवं.’ मी हसलो. ‘एवढ्या बिल्डिंगांचं नेट या खेळण्यावर? पहिल्याच संध्याकाळी झोपेल ते.’ खरं तर आलेली माहिती पुढे पाठवण्याच्या कामाला फारसा वेग लागत नाही, हे मी वाचलेलं होतं. पण आमच्या जाहिरातीच्या पत्रकावर मला प्रोसेसरचा मोठा आकडा छापायचा होता. छापलाही.

तो वेगवान सर्व्हर घरी आल्यापासून वहिनी त्याला जावई म्हणू लागल्या. लाईट गेली की इन्व्हर्टरवर तो एकटाच चालायचा. सोबत दम्याचं औषध देणारं वाफेचं मशीन लावलं, की इन्व्हर्टर ओरडून बंद पडायचा. ‘आधी जावयांचं होऊ दे, मग आमचं,’ वहिनी म्हणायच्या आणि आम्ही हसायचो... एकदा धाप लागली म्हणून त्यांनी न विचारता सर्व्हर बंद केला. गिऱ्हाइकांचे फोन सुरू झाले आणि मी वहिनींवर आवाज चढवला. तेव्हापासून त्या आधी विचारू लागल्या.

त्या दुपारी दादा भाईंदर पश्चिमेला वायर ओढत होता. मी एका नव्या गिऱ्हाइकाला नेट चालवून दाखवत होतो. लाईट गेली आणि वहिनींचा फोन आला. ‘भावजी... जरा बंद करू का?’ एवढंसं वाक्य, पण मधेच तुटलं. मला ते ऐकू आलं होतं. ‘दहा मिनिटं थांबा वहिनी, लाईट येईलच.’ ‘बरं,’ त्या म्हणाल्या.

लाईट फार उशिरा आली. शेजारच्या बाई त्याआधीच आत गेल्या होत्या, तेव्हा वहिनी जमिनीवर होत्या आणि सर्व्हर चालू होता. हॉस्पिटलमधून त्या परत आल्या नाहीत.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दादा एकच सांगायचा, ‘तिने तो बंद का नाही केला, तेच कळत नाही. वेडी कुठली. हात लांब केला असता तरी पुरलं असतं.’ मी शेजारी बसून ऐकायचो. आलेल्यांना पाणी द्यायचो.

गेल्या आठवड्यात मी तोच छोटा प्रोसेसर आणला. सगळ्या लाईन त्याच्यावर टाकल्या, लाईट जायची वाट पाहिली आणि गेल्यावर वहिनींचं मशीनही इन्व्हर्टरला लावलं. दोन्ही चालत राहिली. एकाही गिऱ्हाइकाचा फोन आला नाही. रिकाम्या खोलीत नळीतून वाफ येत होती आणि मी ते बंद करू शकत नव्हतो.

दादा दारात येऊन उभा राहिला. ‘हे काय चालवलंयस?’

‘वहिनींनी विचारलं होतं, दादा. फोन केला होता. मीच थांबा म्हणालो.’

तो मशीनजवळ आला. मग म्हणाला, ‘तिला धाप लागलीय, हे तुला फोनवर कळलं होतं?’

‘कळलं होतं,’ मी म्हणालो. ‘आणि हा प्रोसेसर चालला असता, हेही सर्व्हर घेतानाच माहीत होतं. मला माफ कर.’