सैतानाचं पायताण

"याला रंग लावायची गरज न्हाई बे," राजेभाऊ म्हणाला. "हाय तसाच उभा करा."

सगळे हसले. मीपण हसलो. सगळ्यांत मोठ्यानं. कॉलेजच्या गॅदरिंगला गावाकडच्या सैतानाच्या गोष्टींवर नाटक बसत होतं, आणि सैतानाचं काम मला अभिनयावर मिळालं, असं मी धरून चाललो होतो. एवढा शहाणा मी.

शहाणपण तिथंच थांबतं तर बरं. सिरसाळ्याच्या मावशीनं सांगितलेली गोष्ट मीच नाटक बसवणाऱ्या सरांना दिली. तिन्हीसांजेला सैतान गावात पाणी मागायला येतो, पाटील पायताण उगारतो, चामड्याला भिऊन सैतान पळतो. सरांना लई आवडली. पाटील अर्थात राजेभाऊ. त्याचे वडील संस्थेवर. मग मी छाती काढून म्हणालो, "पायताण मी आणतो. माझा बाप शिवतो."

बापानं आठ दिवस खपून जोड शिवला. नाटकात दिसणार म्हणून पट्ट्यावर वेलबुट्टी काढली.

रंगीत तालमीत नुसतं उगारायचं होतं. राजेभाऊनं हाणलं. कानाखाली. माझं पुठ्ठ्याचं शिंग वाकडं झालं.

"आता सीन उठला," सर म्हणाले. "उद्या असाच ठेवा."

"लागलं की," मी म्हणालो.

"तुमच्याच घरचं हाय," राजेभाऊ म्हणाला. "तुला काय लागतंय?"

पुन्हा हशा. सवयीनं माझंही तोंड उघडलं. हसू आलं नाही.

घरी बाप धुतलेला सदरा काढून बसला होता. "उद्या म्होरं बसू का मागं?" त्यानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाटक सुरू झालं. मंडपात मागच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी बाप खांबाला टेकून उभा. राजेभाऊनं पायातलं एक पायताण काढलं, उगारलं. मी पळायचं होतं. मी त्याचं मनगट धरलं.

"पळ बे," तो दात आवळून म्हणाला.

मी पायताण काढून घेतलं, पायात घातलं, स्टेज उतरून बापाकडं निघालो. आवेश केवढा. पायताण एकच. एक पाय उंच, एक अनवाणी, डोक्यावर वाकडं शिंग. लोक खदखदून हसले.

बाप हसला नाही. माझ्या पायाकडं बघून म्हणाला, "दुसरं कुठंय?"

दुसरं राजेभाऊच्या पायात.

मी परत वर चढलो. "काढ."

सर विंगेतून हातवारे करत होते. राजेभाऊनं पहिल्या रांगेतल्या वडलांकडं बघितलं. मी हललो नाही. शेवटी त्यानं काढलं आणि पायानंच माझ्याकडं सरकवलं.

"हातानं दे."

त्याला वाकावं लागलं.

नाटकमंडळीतून माझं नाव गेलं. जाऊ दे. ती गोष्ट आता मी आमच्या वस्तीत बसवतोय. बापाचाच जोड घालून सैतान गावात येतो. तो पाणी मागत नाही. विहीर कुणाची, एवढंच विचारतो. आणि उत्तर मिळेस्तोवर उभा राहतो.