बाबांचं कोरं रक्त

आमचे बाबा झीरो होते, आणि या गोष्टीचा त्यांना भयंकर अभिमान होता.

बाबा म्हणजे माझे सासरे. रविवारी दुपारी वरण-भात जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. कुणाला त्रास नाही, दवाखान्याच्या चकरा नाहीत. असं जायला मिळावं म्हणून लोक देवाला साकडं घालतात.

घरात माणसंच माणसं आहेत. सगळे त्यांच्या फॅक्टरीतल्या गोष्टी सांगतायत. ही एक गोष्ट मलाच नीट माहीत आहे, म्हणून लिहून टाकते.

करोनाची पहिली लाट ओसरली होती. आमच्या लॅबमध्ये स्पाइक प्रोटीनवर काम सुरू होतं. स्पाइक म्हणजे त्या विषाणूच्या अंगावरचे काटे. त्या काट्यांना जाऊन चिकटतात त्या अँटिबॉडीज आम्ही तपासत होतो.

तपासायची रीत सोपी. छोट्या खळग्यांची प्लास्टिकची प्लेट, खळग्यांच्या तळाला स्पाइक. त्यावर रक्तातलं सीरम घालायचं. अँटिबॉडीज असतील तर शेवटी खळगा पिवळा होतो. नसतील तर पाण्यासारखा राहतो.

तुलनेसाठी लोकांचं रक्त हवं होतं. जेवताना मी सहज बोलले, आणि बाबांनी ताट बाजूला सारून बाही वर केली.

"माझं घे. अख्खी नोकरी फॅक्टरीत काढलीय. पिवळं काय, एकदम केशरी निघेल."

आम्हाला सगळ्यांना होऊन गेला होता. मला, नवऱ्याला, सासूबाईंना. बाबांनाही न कळत झालाच असणार, अशी खात्री होती.

प्लेट आली. माझा खळगा पिवळा. आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, तर झेंडू.

बाबांचा स्वच्छ पाणी.

घरी येऊन सांगितलं, "बाबा, तुमचं झीरो आहे."

चेहरा एवढासा झाला. "म्हणजे काहीच नाही? बिल्कुल काही नाही?" चहा अर्धा टाकून बाल्कनीत जाऊन बसले.

रिटायर झाल्यापासून त्यांच्या मनात एकच सल होता, की आपण आता कुणाच्या कामाचे नाही.

मी मागोमाग गेले. "अहो बाबा, असं कोरं रक्त मिळतच नाहीये. ज्याला त्याला होऊन गेलाय. प्लेटवर एक तरी खळगा नक्की रिकामा हवा. नाहीतर बाकीचे खरंच पिवळे झालेत की आमचंच काही चुकलंय, हे कळणार कसं?"

बाबा फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होते. एकदम सरळ बसले.

"मग असं सांग ना! मास्टर गेज! कामाला जुंपायचा नाही, पेटीत ठेवायचा. बाकीची मापं त्याच्याशी लावून बघायची."

"अगदी तेच."

उरलेला चहा परत गरम करून मागितला.

मिश्राजी हे त्यांचे फॅक्टरीतले जोडीदार. संध्याकाळी फॅक्टरीच्या टाउनशिपच्या पार्कात बाबांनी काय जाहीर केलं, ते त्यांच्याकडूनच कळलं. "पूरी लॅब हमारे खून पर टिकी है."

इथवर मजाच होती.

मग लस आली. डॉक्टर-नर्स झाल्यावर नंबर साठीच्या वरच्यांचा. आईंनी घेतली. बाबा म्हणाले, "मी नाही घेणार."

"का?"

"लस घेतली की पिवळा होणार ना मी? मग तुझ्या प्लेटचं काय?"

आधी मला हसू आलं. मग कळलं, माणूस सीरियस आहे. सत्तरी ओलांडलेली, शुगर, बायपास झालेला. आणि दुसऱ्या लाटेच्या बातम्या यायला लागलेल्या.

म्हटलं, तुमच्या सीरमच्या नळ्या फ्रीझरमध्ये भरपूर आहेत.

"संपल्या तर?"

म्हटलं, करोनाच्या आधीचे जुने नमुनेही मिळतात. बोलले आणि जीभ चावली.

"अच्छा. म्हणजे माझी तशी गरज नव्हती." परत बाल्कनी.

आई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "नळीला राहू द्या ना झीरो! तुम्ही कशाला नळीत जाऊन बसताय?"

बाबांनी खुर्ची रस्त्याकडे वळवली.

शेवटी माझाच बांध फुटला. "बाबा, मला तुमचं रक्त नकोय. मला तुम्ही हवे आहात. माझे वडील मी शाळेत असताना गेले. पुन्हा एकदा नाही झेपणार मला."

आमच्या घरात असं कुणी कुणाशी बोलत नाही. मलाच बोलून कसंतरी झालं.

बाबा खाली बघत म्हणाले, "रडू नको बेटा. लगवा लेंगे."

आयुष्य हिंदी मुलखात गेलेलं, मनातलं बोलायचं झालं की ते हिंदीत शिरायचे.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून डिस्पेन्सरीच्या रांगेत सगळ्यांत पुढे.

काही आठवड्यांनी स्वतःच बाही वर केली. "आता बघ."

जुनं सीरम आणि नवं सीरम मी एकाच प्लेटवर शेजारीशेजारी लावलं. एक खळगा पाणी, एक छान पिवळा. फोटो पाठवला, तो बाबांनी रिटायर्ड लोकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "बाएँ वाला भी मैं, दाएँ वाला भी मैं."

लस टाळत बसलेले मिश्राजी दुसऱ्याच दिवशी बायकोला घेऊन रांगेत!

मग ती लाट आमच्या इंद्रपुरीतल्या गल्लीतही शिरली. बाबांनाही झाला. ताप, खोकला, खोलीचं दार बंद. मी दाराबाहेर बसून ऑक्सिजनचा आकडा विचारत राहायची. आकडा ढळला नाही. एके दिवशी आतून आवाज आला, "आज भजी होतील का?"

ते लसीमुळेच वाचले, असं एका माणसावरून म्हणता येत नाही. हे मीच विद्यार्थ्यांना शिकवते.

पण सून म्हणून विचाराल तर, हो. त्यामुळेच.

पुढे चांगली वर्षं मिळाली. नातीला सायकल शिकवली. मिसरोदला आमचं घर बांधलं जात होतं, तिथल्या प्रत्येक फरशीची लेव्हल तपासून ठेकेदाराला रडवलं. आईंशी रोज भांडले, रोज त्यांच्याच हातचा चहा प्यायले.

बाबा, तेव्हा तुम्ही रुसलात, पण खरं तेच होतं. तुमच्या रक्ताला पर्याय होते.

तुम्हाला नव्हता.

शांत झोपा. तुमच्या मुक्ताचा नमस्कार.