आत्याची एक्केचाळीस पावलं

या जगात मी सर्वांत जास्त कुणाचा ऋणी असेन, तर माझ्या आत्याचा. आणि या जगात माझ्या आत्याइतकं चालणारं माणूस दुसरं नाही. पहिली गोष्ट मी शपथेवर सांगतो. दुसरीबद्दल कुणाला शंका असेल, तर त्यानं अंथुर्ण्याला जाऊन तिच्या मागोमाग एकदा घर ते रान चालून यावं, थोडा दम खावा आणि मग बोलावं. तिचं वय पासष्टच्या पुढं कुठंतरी आहे. नेमकं किती ते तिलाही माहीत नाही. एसटीत ती बसते ती फक्त इंदापूरला आणि बारामतीला जाताना. बाकी सगळं पायी. मोटरसायकलवर बसायला तर ती साफ नकार देते. "गाडीवर बसलं की वाटंतली माणसं बोलायची ऱ्हात्यात," असं तिचं म्हणणं. अंतर ती किलोमीटरमध्ये कधीच सांगत नाही. एखादी वस्ती तोंडातली सुपारी संपायच्या आत येते, आणि लासुर्णे म्हणजे दोन भांडणं आणि एक समेट एवढ्या वाटेवर. मिशेरी लावते ती चालत, फोनवर बोलते ती चालत, कुणावर रागावली तरी एका जागी उभी राहून रागावत नाही. अंगणात येरझाऱ्या घालते आणि प्रत्येक फेरीला एकेक वाक्य टाकते. ते ऐकणाऱ्याची मान दुखते.

पाचवीला तिनं मला आमच्या गावाहून, वरकुट्याहून, उचललं आणि अंथुर्ण्याला आणलं. तिला मूलबाळ नव्हतं, तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, लवकर गेले होते, आणि हायस्कूल तिच्या घरापासून जवळ होतं; म्हणजे तिच्या मापानं जवळ. बारावीपर्यंत आठ वर्षं मी तिच्याकडं होतो. रानातून येताना तिच्या डोक्यावर वांग्यांची पाटी असायची आणि मी मागून मोकळ्या हातानं यायचो. मी हात पुढं केला की म्हणायची, "तू वही धर. पाटी मी धरते." बारामतीच्या कॉलेजात प्रवेश घ्यायच्या दिवशी ती ऑफिसच्या दारात दोन तास उभी होती. कारकुनानं शेवटी विचारलं, "आजी, तुमचं काय काम आहे?" ती म्हणाली, "माझं काय न्हाय. मी हितनं हालले तर हे पोरगं बुजंल, म्हून हुबी हाय." त्या कॉलेजातून मी पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. आता बारामतीतच एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. तेव्हापासून आत्याच्या घरात जो छापील कागद येईल तो माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय खरा मानला जात नाही. औषधाची बाटली, लाइटचं बिल, बियाण्याच्या पाकिटामागच्या सूचना, सगळं. "थांबा, आमच्या सायबाला इचारते," असं ती दुकानदाराला सांगते, आणि ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढतं. हे सगळं आधी सांगतोय, कारण पुढं मी जसा वागलो त्याला निदान एवढं तरी निमित्त होतं.

झालं असं की, इंदापूरच्या डॉक्टरांनी आत्याला थोडी साखर असल्याचं सांगितलं, आणि रोज सहा हजार पावलं चालायला सांगितलं. आत्यानं हा सल्ला मानला नाही, आरोप मानला. "मी काय जल्मभर मेण्यात बसले व्हते व्हय?" असं तिनं डॉक्टरांना तोंडावर विचारलं. डॉक्टर हसून म्हणाले, "मोजा आणि महिन्यानं दाखवा. नाहीतर गोळी वाढवू." गोळीपेक्षा तिला तो संशय झोंबला. घरी आल्यावर मी तिला सांगितलं की, तुझ्या फोनात पावलं मोजायची सोय आधीपासूनच आहे. त्यावर ती घाबरलीच. "आधीपासनं? म्हंजे मी कुठं कुठं जाते ते आजवर बगत बसला व्हता का मुडदा?" मी समजूत काढली, सोय चालू करून दिली, आणि पावलांचा आकडा ठळक दिसेल असा पडद्यावर आणून ठेवला.

पण आत्या कुणावर एकदम विश्वास ठेवणारी नव्हे. दुसऱ्या दिवशी तिनं कनवटीला चिंचोके लावले. तिची मोजणी विसाची. पाच वेळा वीस पावलं झाली की एक चिंचोका कनवटीतून हातात. घर ते रान अठरा चिंचोके भरले. फोन म्हणाला, सतराशे नव्वद. माझं प्रॅक्टिकल चालू असताना फोन आला. "धा पावलं कुठं गेली?" मी म्हटलं, "आत्या, एवढं थोडं इकडंतिकडं चालायचंच." "तुज्या परीक्षंत धा मार्क हिकडंतिकडं झालं असतं तर चाललं असतं का?" पुढच्या सकाळी पुन्हा फोन. "शून्य हाय रं! कालची कुणी नेली?" मी सांगितलं, रोज सकाळी शून्यापासूनच सुरुवात होते. ती म्हणाली, "म्हंजे भांड्यावानीच हाय की. घासली तरी सकाळी हायतच." मग एकदा फोन मनगटाला रुमालानं बांधून तिनं ताक घुसळलं, तर तीनशे पावलं जमा झाली. दुसरं कुणी असतं तर खुश झालं असतं. आत्यानं फोन घरी ठेवला आणि तीनशे पावलं बिनफोनाची चालून आली. "बसल्या जागी चालले म्हून डाक्टरला सांगू व्हय? फुकटचं नको."

असे ते दिवस होते. दिवसातून दोन-दोन फोन यायचे. मी सहकाऱ्यांसमोर कपाळाला आठ्या पाडायचो, "काय सांगू, आत्या ऐकतच नाही," म्हणायचो, आणि मनातून सुखात असायचो.

मग एक दिवस आकडा आला एक्केचाळीस. दिवसभर रानात राबून एक्केचाळीस. दुसऱ्या दिवशी त्रेसष्ट. आत्याचा आवाज रडवेला झाला होता. "डाक्टरला आता काय दाखवू? म्हंतील, म्हातारी बाजंवर पडून हुती." मी कामाला लागलो. फोन बंद करून चालू करायला लावला. बॅटरी वाचवायची सोय पावलं मोजणाऱ्याला झोपवते, म्हणून ती बंद करायला लावली. परवानग्यांच्या पानावर तिला बोटाला धरून नेल्यासारखं नेलं. "गोल निळा झाला का?" "व्हय, झाला निळा." तरी आकडा पन्नासच्या आसपास. रविवारी मी स्वतः अंथुर्ण्याला गेलो. दोन तास फोन उलथापालथा केला. अंगणात मी चाललो, पावलं पडली. आत्याच्या हातात दिला, तिची पडली. मी विजयी मुद्रेनं बारामतीला परतलो, आणि सोमवारी आकडा आला बावन्न. शेवटी मी निदान केलं की, आतलं यंत्र गेलं आहे, नवा फोन घ्यावा लागेल. "तू म्हंतोस तर गेलंच आसंल," आत्या म्हणाली. त्या वाक्याइतका गोड पुरावा माझ्या पदवीला दुसरा मिळाला नसता.

मंगळवारी फोन आला नाही. बुधवारीही नाही. गुरुवारी मीच केला.

"आगं आत्या, फोनचं काय?"

"झाला की दुरुस्त! शेजारच्या सुनंनं केला."

या शेजारच्या सुनेला लग्न होऊन येऊन वर्षही झालं नव्हतं. बारावीपर्यंत शिकलेली. मी आवाज सरळ ठेवून विचारलं, "काय केलं तिनं? कुठलं सेटिंग बदललं?"

"काय बदलती? तिनं फोनला हातबी लावला न्हाय. माज्यासंगं रानात आली निस्ती."

आणि मग सगळं कळलं. वाकून वांगी तोडताना फोन एकदा ओटीतून निसटून पाण्याच्या पाटात पडता पडता वाचला होता. तेव्हापासून आत्या तो फडक्यात गुंडाळून, भाकरीबरोबर, डोक्यावरच्या पाटीत ठेवत होती. आणि पन्नास वर्षं डोक्यावर ओझं वाहिलेली माझी आत्या अशी चालते की खाली पाय भराभर पडतात आणि वर काठोकाठ भरलेल्या हंड्यातलं पाणी हलत नाही. फोन पावलं मोजतो ती हिसक्यांवरून. त्याला हिसका बसतच नव्हता. त्याच्या दृष्टीनं तो दिवसभर भाकरीशेजारी निवांत पडून होता. लंबक, कंपनं, दोलनं हे सगळं मी वर्षानुवर्षं मुलांना मांडून देतो. पण ते मला सुचलं नाही. शेजारच्या सुनेनं चोळीच्या खणाची पिशवी शिवून आत्याच्या कमरेला बांधली, आणि त्याच दिवशी आकडा गेला आठ हजारांवर.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला त्या मुलीचा असा मत्सर वाटू लागला की, लिहितानाही लाज वाटते. ती आत्याला "आत्या" म्हणते, हेच मला आधी खुपलं. आमच्याकडं सुना सासूच्या वयाच्या बायकांना आत्याच म्हणतात, हे ठाऊक असूनही खुपलं. रोज संध्याकाळी आत्याच्या नावानं मला पावलांच्या आकड्याचा फोटो येऊ लागला, खाली पिवळं फूल. आत्याला फोटो काढता येत नाही आणि फूल तर नाहीच नाही. मी उत्तरादाखल अंगठा पाठवायचो. आणि तो अंगठा कोण बघणार हे माहीत असल्यामुळं त्यातही मी कंजुषी करायचो. शेवटी मी फार हलकं काम केलं. आत्याला सांगितलं की, कमरेला बांधलं की फोन आकडा वाढवून दाखवतो, डॉक्टर मानणार नाहीत. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "चिंचोकं घेऊन चालले. बरोबर अठरा, आन् फोनातबी अठराशेच. तुजं शिक्षान खरंच हाय, बाळा, पर चिंचोकं बी खरं हायती." ती चिडली नव्हती. म्हणून मला जास्त लागलं.

त्या रविवारी मी न सांगता अंथुर्ण्याला गेलो. घराला कुलूप होतं, म्हणून रानाच्या वाटेनं निघालो. कॅनॉलच्या भरावावरून मला दोघी दिसल्या. पाटी शेजारच्या सुनेच्या डोक्यावर होती आणि आत्या मोकळ्या हातानं तिच्या मागून चालली होती. "मान न्हाय हलवायची, पोरी. कंबर चालू दी. डोईवरचं वझं झोपलं पायजे. जागं झालं की पडलं." "पडतंय वो आत्या!" "पडू दी. वांगीच हायत, काचा न्हाईत." दोघी हसल्या. मी तिथंच उभा राहिलो. आठ वर्षं मी त्याच वाटेवर त्याच बाईच्या मागून चाललो होतो, आणि हे वाक्य मला कधी ऐकायला मिळालं नव्हतं. मिळू नये याची तिनं काळजी घेतली होती. तिनं मला जे दिलं ते मोठंच होतं. पण तिच्याजवळचं जे खास तिचं होतं, ते दुसऱ्या कुणाला मिळत होतं, आणि मला ते बघवेना. मी हाक न मारता मागं फिरलो आणि मिळेल त्या एसटीनं बारामतीला आलो.

पुढं तीन आठवडे मी फोन केला नाही. आत्यानंही केला नाही. मधे ती डॉक्टरांकडं जाऊन आली, गोळी वाढली नाही, हे मला फुलाच्या फोटोखालच्या ओळीतून कळलं. संध्याकाळी प्रयोगशाळेला कुलूप लावताना मी फोन बघायचो आणि खिशात ठेवायचो. फोनवर बोलायला धीर होईना, आणि मेसेज पाठवावा तर तो कुणाच्या हाती पडेल हे मला माहीत होतं. आत्या चौथी शिकली आहे. अक्षर मोठं असलं की बोट ठेवून वाचते. म्हणून पोस्टातून पाकीट आणलं आणि हे पत्र पाठवलं:

तीर्थस्वरूप आत्यास, साष्टांग नमस्कार.

मी तीन आठवड्यांपूर्वी रविवारी अंथुर्ण्याला आलो होतो. तुम्ही दोघी रानातून येत होतात. मी लांबून बघितलं आणि परत गेलो. काही काम निघालं म्हणून नव्हे. मला वाईट वाटलं होतं. कमरेला बांधलं की फोन जास्त मोजतो, असं मी म्हणालो होतो, तेही खोटं होतं. तिची पिशवी चांगली आहे. मला ते सुचायला हवं होतं.

फोन बिघडायचा तेव्हा तू मला रोज हाक मारायचीस. तो बिघडलेलाच राहावा असं मला एक-दोनदा वाटलं. तुला डॉक्टरांसमोर मान खाली घालावी लागली असती, तरी वाटलं. एवढं शिकून मी असा आहे. तू रागव. फेऱ्या घालत रागव.

पण आत्या, काही बिघडलं नसलं तरी फोन करत जा. वांगी किती निघाली, कोण कुणाशी भांडलं, काहीही सांग. प्रॅक्टिकल चालू असलं तरी मी उचलीन.

तुझाच,
भाचा

ता. क. अक्षर मोठं काढलं आहे. तरी एखादा शब्द लागला नाही, तर तिच्याकडून वाचून घे. माझी हरकत नाही. थोडी आहे, पण घे वाचून.