सवतीचं नाणं

मोरिवलीत आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला. इतिहास घेऊन. आजही हे छाती काढून सांगतो. अंबरनाथच्या एका कंपनीत टाइमकीपर होतो, पण ब्राह्मी अक्षरं लावता येणारा टाइमकीपर त्या आख्ख्या पट्ट्यात दुसरा नव्हता.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये एक सिंधी चांदीवाला मोडीत आलेले दागिने आटवायचा. त्यात जुनं नाणं निघालं की माझ्यासाठी बाजूला ठेवायचा. एका शनिवारी मला बघताच ओरडला, "आओ प्रोफेसर! तेरा राजा आया है, गले में फंदा डालके!"

क्षत्रपांचं चांदीचं नाणं. त्यावर राजाचा चेहरा, आणि त्या चेहऱ्यावरच, त्याला हरवणाऱ्या सातवाहनांनी मारलेला छाप: तीन कमानींचा डोंगर, खाली नागमोडी नदी. हरलेल्याचं नाणं वितळवायचं नाही, त्याच्याच तोंडावर आपला डोंगर उठवायचा. जो हातात घेईल त्याला विजय आठवत राहावा. डोंगराच्या कडेने त्या राजाचा एक डोळा मात्र तसाच बाहेर बघत होता.

फंदा म्हणजे वर डाख देऊन बसवलेली कडी. खाचांत हळदकुंकवाचा राप होता. घरी येऊन मी कडी कानशीने काढली आणि रिठ्याच्या पाण्यात नाणं लख्ख घासलं.

पुढच्या रविवारी सकाळी दारात एक बाई उभी. बारवी धरणाकडच्या वाडीतली, दिवस भरत आलेली. चांदीवाल्याने पत्ता दिला होता.

"दादा, माझी बाय तुमचे घरान हाय ना?"

"कोण बाय?"

"सवत माझी. दादल्यानं न सांगता इकली तिला."

पहिली बायको गेल्यावर दुसरी आली, की तिने पहिलीचा टाक, म्हणजे तिच्या नावाची चांदीची प्रतिमा, गळ्यात घालायची. सणाला कुंकू आधी त्या टाकाला, मग आपल्याला. माझ्या चुलतीच्याही गळ्यात होता. कडी बघून मला हे सुचायला हवं होतं. या बाईच्या घरी टाक घडवायची ऐपत नव्हती. शेतात सापडलेल्या नाण्यावर चेहरा दिसला, त्यालाच कडी लावली.

"ती पोटुशीच गेली," बाई म्हणाली. "तिचे बिगर मी बालंतपनाला नाय बसायची."

मी नाणं आणलं. पण हातात देण्याआधी, खोटं कशाला बोलू, तिला दोन हजार वर्षांचा इतिहास ऐकवला. तिने तो निमूट ऐकला. मग नाणं बोटांनी चाचपलं.

"कडी?"

"काढली."

"कुंकू?"

"धुतलं."

तिने नाणं माझ्या तळहातावर परत ठेवलं. "ही कोरी झाली, दादा. हिच्यान ती नाय."

माझी बायको पुढे झाली. "अगं, डोळा बघ की. तोच आहे ना?"

"डोला राजाचा हाय. आताच सांगितला नाय का यांनी?"

ती माझ्याकडे वळली.

"धुतल्याचा पानी कुटं वतलंत?" तिने विचारलं.

मोरीत ओतलं होतं. मोरीचं पाणी मागच्या अळवाला जायचं. ती मागे गेली, पोट सांभाळत खाली बसली, अळवाच्या बुडाची मूठभर ओली माती काढली आणि पदराच्या टोकाला बांधली.

"चल बाय," त्या गाठीला म्हणाली, आणि निघाली. चहालाही थांबली नाही.

नाणं अजून माझ्याकडे आहे. कोणी बघायला आलं तर राजाचं सांगतो, छापाचं सांगतो.

बायको कितीदा म्हणाली, "एकदा जाऊन विचारून तरी या, सुटली का ती नीट." वाडी काही लांब नव्हती, बदलापूरहून एका एस.टी.चं अंतर. दोनदा स्टँडपर्यंत गेलो, गाडी लागलेली बघितली आणि परत आलो. वाडीत जावं, त्या घराचं दार वाजवावं, आणि नवीनच बाई बाहेर यावी, गळ्यात नवा टाक घालून, याची भीती वाटायची.