पांढऱ्या कोटापुरता सिनेमा

आमच्या शेजारच्या काकांइतका रुबाबदार डॉक्टर दिल्लीत दुसरा झाला नाही, आणि ते डॉक्टर नव्हते ही गोष्ट मी नाइलाजाने सांगतो. मंत्रालयात कारकुनी करून ते निवृत्त झाले. पण आजही लिफ्टमध्ये कुणी शिंकलं तर ते आधी चष्मा पुसतात, मग "जीभ दाखवा" म्हणतात, आणि माणसं, का कोण जाणे, दाखवतात. मीही दाखवली आहे. घरी येऊन त्यावर हसलोही आहे, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

याचं मूळ एका सिनेमात होतं. पडद्यावर फार उघडं दाखवायला बंदी होती आणि झाकून ठेवायचा लोकांना कंटाळा आला होता, असा तो काळ. त्यावर तोडगा असा, की मध्येमध्ये पांढऱ्या कोटातला डॉक्टर येऊन आरोग्यावर चार शब्द बोले, म्हणजे बाकीचा सगळा प्रकार शिक्षण ठरे. करोल बागेतल्या, मोटारींचे सुटे भाग विकणाऱ्या एका व्यापाऱ्याने असा स्वस्तातला सिनेमा काढला आणि मराठी मंडळाच्या नाटकात काकांचा आवाज ऐकून त्यांना डॉक्टर केलं. कुटुंबनियोजनाचा सिनेमा म्हटल्यावर काकांना तो सरकारीच वाटला. त्यांनी रजेच्या अर्जात कारण म्हणून 'राष्ट्रीय कार्य' लिहिलं, हिंदूराव इस्पितळाच्या ओपीडीत बसून डॉक्टर मंडळी गळ्यात स्टेथोस्कोप कसा अडकवतात ते पाहिलं, आणि पहिल्या खेळाला चक्क साहेबांना घेऊन गेले. काकांचं व्याख्यान संपलं, पुढच्या प्रसंगात नायिकेने दिवा मालवला, आणि साहेब हळूच म्हणाले, "भाई, ये कौन-सा मंत्रालय है?" दोघेही तिथूनच उठले. घरी काकांनी काकूंना सांगितलं, "सिनेमा खेड्यापाड्यांत दाखवायला पाठवलाय."

काकू बिचाऱ्या तो परत यायची वाट बघत राहिल्या. यंदा त्यांची नजर जाऊ लागली. आता फार दिवस दिसणार नाही असं कळल्यावर त्यांनी दुसरं काही मागितलं नाही. "अहो, दिसतंय तोवर तुमचं ते काम एकदा दाखवा ना."

काका माझ्याकडे आले. "यार, इंटरनेटवर असला तर शोध. मला तेवढं ठेव, बाकी सगळं काप." जाताना दारात थांबले. "आणि बघशील तेव्हा दार लावून घे. तुझी मुलं मोठी झालीत."

सिनेमा सापडला. कापायचा म्हणजे बघणं आलं. मी दार लावून सगळा बघितला.

रविवारी त्यांच्या टीव्हीवर तो तुकडा लावला. काकू पडद्याला नाक टेकेल इतक्या जवळ बसल्या. काळ्याभोर केसांचे काका एका घाबरलेल्या मुलीला धीर देत होते, "बेटी, डरो मत. तुम बिल्कुल ठीक हो जाओगी." हिंदी तेव्हाही सदाशिव पेठेतलंच होतं.

"अगंबाई, किती शोभताय!" काकू म्हणाल्या. काका लाजून पंख्याकडे बघत बसले.

तुकडा संपला. काकू तरी पडद्यासमोरून हलेनात. "पुढे काय झालं हो त्या पोरीचं?"

काकांना ते ठाऊकच नव्हतं. आपलं काम संपल्यावर ते पुढे कधी बसलेच नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरी आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"बरी झाली ना रे ती?"

"झाली, काका," मी म्हणालो.

सिनेमा शेवटपर्यंत पाहिलेला माणूस त्या खोलीत मी एकटाच होतो.