जावेची गाठ

घनसावंगीला दवाखान्यात दर मंगळवारी आम्ही बायका गोल करून बसतो. समुपदेशनाच्या मॅडमचा नियम एकच, जिने तिने आपलं दुखणं सांगायचं. कुंभार पिंपळगावची एक बाई मात्र कधीच आपलं सांगत नाही. कंबर दुखते ती नणंदेची, झोप येत नाही ती शेजारणीला. बोलताना पदर तोंडाशी धरते आणि शेवटी म्हणते, "मला बिलकुल काही न्हाई." ऐकून ऐकून माझं डोकं उठतं.

मागच्या खेपेला म्हणाली, "माझ्या जावेच्या छातीत गाठ हाय. दुखत न्हाई, पण वाढून राह्यली."

मॅडम म्हणाल्या, "त्यांना लवकर तपासायला न्या."

"घाबरून राह्यली ती. कापूस वेचून झाला की बघू म्हणते."

मला राहवलं नाही. "बये, तुझ्या जावेच्या वर्षश्राद्धाला मी जेवून आले!"

मॅडमनी माझ्यावर डोळे वटारले. ती पदर चुरगाळत हळूच म्हणाली, "मंग कोणाची म्हणू, मावशी?"

दुसऱ्या दिवशी मीच तिला जालन्याच्या जीपमध्ये बसवलं आणि शेजारी बसले. तिच्या ओळखीच्या ड्रायव्हरने विचारलं, "कुठं निघाल्या दोघी?"

तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मोठ्या दवाखान्यात. या मावशीच्या छातीत गाठ हाय."

असा संताप आला! पण गुडघ्यावरच्या त्या हाताने माझं लुगडं घट्ट मुठीत धरलं होतं. मग काय, जालना येईपर्यंत मी छाती धरून कण्हत बसले.