आधी परदेशी शुभसंदेश

आमच्या अंगणवाडी कर्मचारी संघटनेच्या बुलढाण्यातल्या जिल्हा अधिवेशनाची कार्यक्रमपत्रिका मी करते. मागच्या खेपेला मी पहिलाच विषय ठेवला होता तो धाड गावच्या मदतनीस बाईचा. तिला अंगणवाडीतून काढलं होतं. दुसऱ्या दिवशी बुलढाण्यातच सुनावणी होती. अधिवेशनाने ठराव केला तरच पदाधिकाऱ्यांचं शिष्टमंडळ तिच्यासोबत जाणार होतं. अध्यक्षांनी तो विषय शेवटी ढकलला. परदेशातल्या भ्रातृपक्षांचे, म्हणजे आपल्याच विचाराच्या कामगार पक्षांचे, शुभसंदेश आधी, तेही सगळ्यांनी उभं राहून ऐकायचे, ही आमच्याकडची रीत.

त्यांनी एकाच देशातल्या दोन पक्षांकडून संदेश मागवून ठेवले होते. ते पक्ष एकमेकांना कामगारांचे गद्दार म्हणतात. आता आधी कोणाचा वाचायचा, यावर मंचावर जुंपली. खाली आम्ही उभ्याच.

"बसू का व ताई?" मदतनीस बाईने मला विचारलं.

"उभीच राह्य," तिची शेजारीण म्हणाली, "त्या देशाले वाईट वाटन."

मग अध्यक्षांनी इतिहास काढला. कामगारांची पहिली आंतरराष्ट्रीय संघटना लंडनमध्ये उभी राहिली आणि आपसांत भांडून मोडली. दुसरी पहिल्या महायुद्धात कोसळली, कारण तिच्यातले बहुतेक मोठे पक्ष आपापल्या सरकारांमागे गेले. तिसरी मॉस्कोच्या हुकमाने चालली आणि तिथूनच बरखास्त झाली. माणूस अभ्यासू आहे. पण एवढी मोडतोड सांगून त्यांना पटवायचं काय होतं, तर संदेशांचा क्रम चुकता कामा नये.

धाडची शेवटची एसटी सुटायला आली. बाया दाराशी चपला शोधू लागल्या. मी मंचावर चढले, माईक ओढला आणि मदतनीस बाईचा विषय मताला टाकला.

"ताई, हे नियमात बसत नाही," अध्यक्ष म्हणाले.

"तुमचं चालू द्या. आम्ही तोवर हात वर करतो."

हात वर झाले. ठराव मंजूर, असं सांगून मी बायांसोबत स्टँडवर निघून गेले.

अध्यक्षांनी ठरावावर सही केली नाही. शिष्टमंडळही आलं नाही. सकाळी मी आणि धाडच्या बाया सुनावणीला हजर झालो.

"संघटनेचे पदाधिकारी कुठे आहेत?" अधिकाऱ्याने विचारलं.

"परदेशात हायेत साहेब," मदतनीस बाई म्हणाली.

तो हसला नाही. त्याने पुढची तारीख दिली. बाई अजून घरीच बसून आहे. त्या तारखेलाही आम्ही बायाच जाणार आहोत. अध्यक्षांना मी तारीख कळवलेली नाही, आणि त्यांनीही विचारलेली नाही.